फ्रिजवरचे दोन दिवे

आमच्या काकू दिवसातून कितीतरी वेळा दिव्याला नमस्कार म्हणायच्या. हात जोडून नाही, तोंडाने. पोळी लाटता लाटता, गवार मोडता मोडता, कधी तोंडात शेंगदाणे असतानासुद्धा. त्यांच्या फ्रिजवर एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा होता. त्याच्या झाकणाला भोकं पाडून दोन बारके दिवे बसवले होते, एक हिरवा आणि एक लाल. त्यातला एखादा लुकलुकला की काकू मान वर करून स्वच्छ, ठाशीव आवाजात म्हणत, "नमस्कार, बोला." पलीकडून अर्थातच कोणी बोलत नसे. दिवा विझे आणि काकू पोळी उलटत.

मी यवतमाळहून हिंजवडीच्या नोकरीसाठी पुण्यात आलो आणि मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला काकूंकडे मागची खोली घेतली. पहिल्या सकाळी हा प्रकार पाहून मला वाटलं, बाईंचं डोकं ठिकाणावर नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला चहा दिला आणि डबा उघडून दाखवला. आत बिस्किटांऐवजी पत्त्यांच्या कॅटएवढा एक कॉम्प्युटर होता, नीट रबर बँडने बांधलेला. "ही माझी साइट," काकू म्हणाल्या. लोकांच्या साइट कुठल्या कुठल्या देशांत असतात. काकूंची फ्रिजवर होती.

काकू टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. तारा खोचून लाइन जोडायच्या काळात त्या ट्रंक बोर्डावर, परगावचे फोन जोडणाऱ्या, ऑपरेटर होत्या. समोर दिव्यांची भिंत, दिवा पेटला म्हणजे कोणीतरी बोलायला आलंय, की आपण म्हणायचं नमस्कार. घरी आल्या-गेल्याला त्यांचा जयभीम असे, पण दिव्याला नमस्कारच. "जयभीम घरचा. नमस्कार लाइनवरचा," असं त्यांनी एकदा मला समजावलं होतं, आणि यात समजण्यासारखं आणखी काही नाही अशा चेहऱ्याने त्या भाजी फोडणीला टाकायला वळल्या होत्या.

माणसांना त्या नावाने हाकच मारत नसत. माझं नाव यवतमाळ. माझ्या आधी खोलीत लातूर राहत असे, आणि स्वतःची मुलगी सासरी गेल्यापासून नाशिक झाली होती. "नाशिकला मुलगा झाला," असं त्या शेजारणीला सांगायच्या तेव्हा शेजारीण विचारायची, "कोणाला?"

मी रात्री जेवल्यावर घरी फोन लावून गॅलरीत उभा राहायचो. आई बोलायला लागली की तिला आवरणं कोणाच्या हातात नाही. थोड्या वेळाने काकूंचा आवाज यायचा, "तीन मिनिटं झाली, वाढवू का?" पूर्वी ट्रंक कॉल तीन मिनिटांचा असे. वेळ भरली की ऑपरेटर मध्ये बोलून असं विचारायची, आणि पैसे असणारा माणूस म्हणायचा, वाढवा. आता मोबाइलवर मिनिटं मोजायची गरज नव्हती, पण काकूंना राहवत नसे. पुढे पुढे आईच विचारायला लागली, "आज बाई नाही बोलल्या?" कर्ज घ्या म्हणून काकूंच्या घरच्या फोनवर फोन येत. त्या पोरांचंही त्या नमस्कार म्हणून सगळं ऐकून घेत, आणि तीन मिनिटं झाली की तसं सांगून फोन ठेवून देत. वाढवायची संधी फक्त आम्हाला.

घरात चालू कॉम्प्युटर किती आणि बंद किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. दिवाणाखाली, माळ्यावर, कपाटात साड्यांच्या शेजारी, सगळीकडे ते होते. काकू ते दाढीच्या ब्रशने झाडायच्या. ब्रश नवा आणायच्या, आणि दुकानदाराने "काकांसाठी का?" विचारलं तर शांतपणे "कॉम्प्युटरसाठी" म्हणायच्या. काका जाऊन खूप वर्षं झाली होती. कंपनीने मला नवा पातळ लॅपटॉप दिला तेव्हा मी तो मोठ्या हौसेने त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उलटा केला, बोटाने चाचपला.

"याला स्क्रू कुठायत?"

"नसतात काकू आता. उघडायचाच नसतो."

"जे उघडता येत नाही ते आपलं नाही. जपून वापर, दुसऱ्याचं आहे."

मी हिंजवडीला रोज नेमकं काय करायला जातो हेही त्यांनी एकदा विचारलं होतं. कोड लिहितो, म्हटलं. आणि दुपारनंतर? लिहिलेलं दुरुस्त करतो. "मग सकाळीच नीट लिहीत जा," काकू म्हणाल्या. "ट्रॅफिकच्या आधी घरी येशील."

फोटोंच्या बाबतीत तर त्या फारच कडक. कॅमेरा जुना, जड, खांद्याला लावायचा पट्टा पेटीकोटच्या नाडीचा. फ्लॅश वापरायचा नाही, ट्यूबलाइटमध्ये काढायचा नाही, आणि कोणाला हसायला सांगायचं नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी एका झेंडावंदनाला त्यांना फोटो काढायची विनंती केली. काकू सकाळी लवकर तयार होऊन गेल्या, तासभर वाकून, बसून, उकिडवं होऊन फोटो काढले, आणि संध्याकाळी सगळे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकले. सगळे चपलांचे. सेक्रेटरी धावत आले.

"अहो काकू, माणसं कुठायत यात?"

"आहेत की. आपापली ओळखा."

"पण चेहरे नको का?"

"चेहरे टाकले की निम्म्या बायका म्हणणार माझा वाईट आला, काढून टाका. चपलेबद्दल कोणी आलं का तक्रार घेऊन?"

कोणीही आलं नव्हतं. उलट तळमजल्यावरच्या आजोबांनी आपल्या चपलेचा फोटो मागून नेला. त्या झिजलेल्या अंगठ्यांवरून माणूस खरंच ओळखू यायचा, हे मलाही कबूल करावं लागलं.

आता त्या साइटवर काय होतं ते सांगतो. काकू चित्रकथा करायच्या. रोज एक, चार चौकटींची. चित्रं काढता येत नव्हती म्हणून फोटो. पात्रं दोन, कपडे वाळत घालायचे दोन चिमटे. डावीकडे निळा, उजवीकडे पिवळा. दोघी ऑपरेटर. मेलेल्या कॉम्प्युटरमधली हिरवी पाटी पाठीमागे उभी केली की तिचा टेलिफोन बोर्ड व्हायचा आणि आडवी केली की पुणे. चिमट्यांच्या तोंडी फुगे काढून त्यात काकू संवाद लिहायच्या. पिवळी म्हणे, "मुंबई लागत नाहीये." निळी म्हणे, "लागेल. तिला आपली आठवण येऊ दे." किंवा पिवळी विचारे, "साहेब म्हणतात, तुम्ही दोघी सारख्या काय बोलता?" आणि निळी, "सांग, लाइन टेस्ट करतोय." मला यात सुरुवातीला फारसं काही वाटलं नाही. मग एक दिवस कंपनीच्या बसमध्ये वाकडच्या कोंडीत अडकलो असताना मी ती उघडली आणि एकटाच हसलो. तेव्हापासून रोज बघायला लागलो.

साइटला नाव नव्हतं. नुसता नंबर, तोच टाइप करायचा. मी म्हटलं, काकू, नाव घेऊन देतो, लोकांना लक्षात राहील. "नावं लोक विसरतात," काकू म्हणाल्या, "नंबर नाही विसरत." ऑपरेटरांपुरतं ते खरं असेल. त्यांनी तो नंबर आयुष्यात एकदाच, एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्यांच्या ग्रुपवर टाकला होता. तेवढी जाहिरात त्यांना पुरेशी वाटली.

पान उघडलं की आधी कालची कथा दिसे. आजची बघायची तर पुढचा बाण दाबावा लागे, आणि कोणी तो दाबला की फ्रिजवर हिरवा दिवा. मागचा बाण दाबला की लाल. नुसतं पान उघडून जाणाऱ्यासाठी दिवाच नव्हता. "दारात डोकावून जाणाऱ्याला कोण नमस्कार करतं?" कोण आलं, कुठून आलं, याची नोंद मात्र त्या मुद्दाम ठेवत नसत. मला याचं नवल वाटे. ती नोंद सगळ्या साइट आपोआप ठेवतात, काकूंनी ती खटपट करून बंद केली होती. "आपलं काम जोडून द्यायचं," त्या म्हणत. "कोण कोणाशी बोलतंय ते ऐकायचं नाही."

दिवसभरात पाच-सहा दिवे लागायचे. त्यातला सकाळचा, चहाच्या वेळचा, ठरलेला. हिरवा, मग लाल, मग पुन्हा हिरवा. म्हणजे कोणीतरी आजची वाचे, मागे जाऊन कालची पुन्हा बघे आणि परत आजचीवर येई. या दिव्याला काकू नमस्कार म्हणत तेव्हा त्यांचा आवाज थोडा उतरे. एके दिवशी त्यांनीच सांगितलं.

"ती आहे," काकू म्हणाल्या. "डावीकडची."

निळी म्हणजे त्यांच्या शेजारच्या बोर्डावरची मैत्रीण. दोघी एकाच दिवशी नोकरीला लागलेल्या, एकाच डब्यातून जेवणाऱ्या. ती मैत्रीण कँटीनमध्ये मासिकातली गोष्ट वाचायची तीही अशीच, एक पान पुढे आणि एक मागे. काकू चिडवत, तर म्हणे, "आधी सांगितलं होतं का ते बघते. नसेल सांगितलं तर लेखक लबाड."

मग तिचं लग्न ठरलं. मुलगा सोलापूरचा. आणि एका दुपारी सोलापूरची लाइन काकूंच्या बोर्डावर आली. जोडल्यावर आवाज नीट येतोय का, एवढं ऐकून ऐकायची कळ बंद करायची असते. तेवढ्यात त्यांच्या कानावर पडलं की मुलाचं तिकडे आधीच एक बिऱ्हाड आहे, लग्न झालं की सुटेल, मुलीकडच्यांना आत्ता काही बोलू नका. नाव ऐकलं, गाव ऐकलं, शंका उरली नाही. काकूंनी कळ बंद केली. शेजारी मैत्रीण शालूचा रंग सांगत होती.

लाइनवर ऐकलेलं बाहेर बोललं की नोकरी जायची. काकू म्हणजे घरात सरकारी नोकरी लागलेलं पहिलं माणूस, आणि त्या पगारावर सगळं घर जेवत होतं. त्या बोलल्या नाहीत. लग्नात वाढायलाही गेल्या. मैत्रीण वर्षाच्या आत माहेरी परत आली, आणि तिचं रडणं बघवेना तेव्हा काकूंनी तिला सगळं सांगून टाकलं.

"काय म्हणाल्या त्या?" मी विचारलं.

"म्हणाली, तू ऐकलंस, आणि तरी मला जोडून दिलंस." काकू मटार सोलत होत्या. "दुसऱ्या दिवशी तिने बोर्ड बदलून मागितला. नंतर बोललो नाही."

"तुमच्याकडे नंबर असेल ना त्यांचा?"

"पाठ आहे."

"मग लावा की फोन."

"मी कुठल्या तोंडाने लावू?" काकू म्हणाल्या. "लावायचा असेल तर तिने लावायचा."

निवृत्तांच्या ग्रुपमध्ये ती होती, काकूंच्या साइटचा नंबर आल्यावर थोड्याच दिवसांत बाहेर पडली. लोकांच्या शुभ सकाळला कंटाळून, असं काकूंचं म्हणणं. आणि त्यानंतर हा सकाळचा दिवा सुरू झाला. एवढ्यावर बाईंनी रोज एक चित्रकथा उभी केली होती. पण मी या धंद्यातला माणूस. इंटरनेटवर रात्रंदिवस नंबर चाचपत फिरणारे प्रोग्राम असतात. ते पान उघडतात, बाण दाबतात, पुढे जातात, मागे जातात, ठरल्या वेळी परत येतात. काकूंना खोट्या आशेवर ठेवणं मला बरं वाटेना. मी ते जमेल तेवढ्या हळुवारपणे सांगितलं. वर म्हटलं, नोंद चालू करतो, एका दिवसात कळेल माणूस आहे की यंत्र.

काकूंनी मटाराची टरफलं गोळा केली. "नाही," त्या म्हणाल्या. "ऐकायचं नाही."

पण त्यानंतर सकाळचा दिवा लागला तरी त्या नमस्कार म्हणेनात. नुसत्या बघत राहायच्या. घर फार शांत झालं. रात्री माझा फोन कितीही लांबला तरी कोणी मध्ये बोलेना.

यात भर पडली शेजारच्या इमारतीची. जुनी पाडून टोलेजंग उभी राहत होती. काकू फोटो काढायच्या ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर, सकाळी खिडकीतून एक उन्हाचा तुकडा पडतो तेवढ्या वेळात. मजले चढत गेले तसा तो तुकडा आखडत चालला. आधी गॅसच्या शेगडीपर्यंत यायचा, मग मिक्सरपर्यंत, मग नुसता कडेला. मी टेबललॅम्प आणून देतो म्हणालो. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला. ऊन संपलं की कथा संपली, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

एका सकाळी त्यांनी मला ओट्यापाशी बोलावलं. कडेच्या अरुंद उन्हात दोन्ही चिमटे उभे होते. "फोकस बरोबर आहे का बघ. माझे डोळे आज ठीक नाहीत."

मी कॉम्प्युटरवर चारी चौकटी पाहिल्या. पहिलीत पिवळी सोलापूर जोडतेय. दुसरीत तारेतून एक फुगा, तिकडे त्याचं आधीच एक बिऱ्हाड आहे. तिसरीत निळी विचारते, शालू कुठला घेऊ, अंजिरी की हिरवा? चौथीत पिवळी एकटीच. तिच्या फुग्यात लिहिलं होतं, "मी ऐकलं होतं. नोकरी गेली असती तरी तुला सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

"फोकस बरोबर आहे," मी म्हणालो. काकूंनी कथा साइटवर चढवली आणि कणीक मळायला घेतली.

त्या दिवशी दिवा लागला, नुसता हिरवा. लाल नाही, परत हिरवा नाही. दुसऱ्या दिवशी काहीच नाही. मग त्यानंतरही काही दिवस नाही. काकूंनी नवीन कथा केली नाही, आणि करायची म्हटली तरी ओट्यावर आता ऊन येत नव्हतं. त्यांनी चिमटे धुतले आणि दोरीवर नेऊन लावले. निळ्याला माझा टॉवेल लटकलेला पाहून मला फार वाईट वाटलं. तो टॉवेल मी काढून खुर्चीवर टाकला.

मग तो बुधवार. बुधवारी मला घरून काम असायचं. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलो होतो, काकू पोळ्या करत होत्या. फ्रिजवर लाल दिवा लागला. विझला. पुन्हा लाल. पुन्हा. मी बघत राहिलो. कोणीतरी मागचा बाण दाबत होतं, आणि दाबतच होतं. कथेमागून कथा, महिन्यामागून महिना मागे जात होतं. एखाद्या यंत्राने सगळी पानं उचलायला घेतली की अगदी असंच होतं, हे मला माहीत होतं. काकू लाटणं हातात धरून फ्रिजसमोर उभ्या राहिल्या. तव्यावरची पोळी करपली, ती मी उतरवली आणि गॅस बंद केला.

मधेच दिवा बराच वेळ थांबायचा. वाटायचं, झालं. मग पुन्हा लाल. एखाद्या कथेवर जास्त वेळ, एखादीवर कमी. माझी मीटिंग सुरू होऊन संपली, मी तिकडे फिरकलो नाही. काकू बसल्या नाहीत. शेवटी दिवा लागून विझला तो पुन्हा लागलाच नाही. म्हणजे वाचणारा सगळ्यात पहिल्या कथेपर्यंत पोचला होता. त्यापुढे मागचा बाणच नव्हता.

"यंत्रच असेल रे," काकू म्हणाल्या, आणि लाटणं खाली ठेवून परात पुढे ओढली.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत घरचा फोन वाजला. अशा वेळी कर्जवाल्यांचाच असतो. काकूंनी पिठाचे हात पदराला पुसले, जाऊन फोन उचलला आणि सवयीने म्हणाल्या, "नमस्कार, बोला."

पलीकडून जे आलं ते मला ऐकू आलं नाही. काकूंची पाठ मला दिसत होती. ती पाठ हळूहळू ताठ झाली. त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला. मी उठलो. ऐकायचं नाही, ही सवय त्या घरात राहून मलाही लागली होती. मी लॅपटॉप तसाच टेबलावर सोडला, माझ्या खोलीत गेलो आणि दार लोटून घेतलं. बाहेर किती वेळ नुसती शांतता होती कोण जाणे. दोघींपैकी कोणीच बोलत नसावं, किंवा एकटी पलीकडचीच बोलत असावी.

दाराला फट राहिली होती, तेवढ्यातून काकूंचा आवाज आला. रडका होता, पण शब्द स्वच्छ होते.

"तीन मिनिटं झाली म्हणतेस? वाढव."

मी दार नीट लावून घेतलं.